बीम दुसऱ्याचं, माग आपला: गेमिंगमध्ये करिअर करायच्या नादात काय काय झालं

प्रो प्लेयर (पैशासाठी स्पर्धा खेळणारा) होणं आणि स्ट्रीमर (गेम लाईव्ह दाखवणारा) होणं या दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत, हे आधीच सांगून टाकतो, कारण मला विचारणारी निम्मी पोरं दोन्ही एकच धरून चालतात. प्रो प्लेयरला मॅचमध्ये बोलायची फुरसत नसते, कॉल सोडून दुसरा शब्द तोंडातून निघाला की आयजीएल (टीमचा लीडर) शिव्या घालतो. स्ट्रीमरचं उलटं, त्याला गप्प बसायची सोयच नाही, दोन मिनिटं शांत राहिला की बघणारे निघाले. मी दोन्ही करून बघितलं आणि आता तिसरंच काहीतरी करतोय, ते कसं कसं झालं ते लिहितो, जरा लांबेल.

मी इचलकरंजीचा. पप्पांचे यंत्रमाग आहेत, पण आम्ही खर्चीवाले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, खर्चीवाला म्हणजे माग आपले, लाईटबिल आपलं, कामगार आपले, पण सुताचं बीम (सूत गुंडाळलेला मोठा रूळ) व्यापारी देणार आणि आपण त्याला कापड विणून द्यायचं, मजुरी पिकावर, पीक म्हणजे कापडातला आडवा धागा. घर आणि कारखाना एका भिंतीला लागून, त्यामुळं जन्मल्यापासून कानात खटखट. २०२० च्या लॉकडाऊनला माग बंद झाले तेव्हा आमचं घर एवढं शांत असू शकतं हे मला पहिल्यांदा कळलं आणि त्याच काळात गल्लीतली सगळी पोरं पब्जीला लागली, त्यात मी पण. २ सप्टेंबर २०२० ला पब्जी मोबाईल बॅन झालं, ११८ ॲपच्या यादीत. आई म्हणाली बरं झालं, आता अभ्यास करशील. पुढच्या वर्षी कोरोनामुळं बारावीची परीक्षाच रद्द झाली आणि २ जुलै २०२१ ला तोच गेम बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया) नावानं परत आला, म्हणजे आईचं गणित दोन्हीकडून फिसकटलं.

मग गेमच्या कंपनीनं, क्राफ्टननं, बीजीआयएस नावाची देशभरची स्पर्धा जाहीर केली, एक कोटीचा प्राईझ पूल. आजवर आम्ही गल्लीत खेळायचो, ह्यात कोणीपण उतरू शकत होतं ही गोष्ट डोक्यात बसली. रजिस्टर केलेल्या चौघांनीच मिळून १५ मॅच खेळायच्या, त्यातल्या चांगल्या १० धरणार, आणि वरच्या १०२४ टीम पुढं जाणार असा इन-गेम क्वालिफायरचा फॉरमॅट होता. १०२४ ऐकून वाटतं किती जागा आहेत, पण अख्खा देश रजिस्टर झालेला. आमची टीम डिस्कॉर्डवर जमलेली, आयजीएल नांदेडचा, एक नागपूरचा, एक चाकणचा आणि मी. आयजीएल म्हणजे इन-गेम लीडर, झोन (मॅपवरचं आवळत जाणारं सुरक्षित वर्तुळ) बघून टीम कुठं न्यायची हे तो ठरवतो. मी सपोर्ट खेळायचो, म्हणजे पुढं पळणाऱ्या असॉल्टरला कव्हर द्यायचं, स्मोक टाकायचा, पडला तर उचलायचा. ह्या रोलला क्लिप बनत नाहीत. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही, पुढं चॅनल काढल्यावर वाटलं.

त्या पहिल्या वर्षी आम्ही इन-गेम मधून वर गेलो आणि पुढच्या राऊंडला गार झालो. पण वर गेलो ह्याचीच एवढी हवा की मी बी.कॉम.ला ॲडमिशन घेतलं ते फक्त घरी भांडण नको म्हणून. मग रोजचं स्क्रिम्स चालू. स्क्रिम म्हणजे सरावाची कस्टम रूम, १६ टीम, ठरलेल्या वेळेला आयडी-पासवर्ड येतो, उशीर झाला तर स्लॉट गेला. त्याची पण उतरंड आहे, टी१, टी२, टी३, टी म्हणजे टियर, टी१ सगळ्यात वरचा. टी१ मध्ये मोठ्या ऑर्गच्या (टीम पाळणाऱ्या संस्थांच्या) टीम खेळतात आणि तिथं स्लॉट मिळवायला ओळख किंवा रिझल्ट लागतो, आणि रिझल्ट यायला चांगल्या टीमसमोर खेळावं लागतं, जे टी३ मध्ये होत नाही, तिथं लोक पहिल्याच झोनला गाड्या घेऊन एकमेकांच्या अंगावर जातात. ह्या चक्रातून बाहेर पडायला आम्हाला लय वेळ गेला.

पैशाचं म्हणाल तर टी३ मध्ये बहुतेक टूर्नामेंट पोरंच भरवायची, पन्नास-शंभर रुपये एंट्री, यूपीआयवर पाठवायचे, जिंकलं तर प्राईझ. कितीतरी वेळा आयोजक प्राईझ द्यायच्या वेळी ग्रुप डिलीट करून गायब. आमच्या नागपूरवाल्यानं एकदा असल्या एका आयोजकाला शोधून काढलं तर ते नववीतलं पोरगं निघालं, त्याच्या आईनं फोन उचलला आणि हा सॉरी काकू म्हणून ठेवून दिला.

फोनचा विषय वेगळा. साध्या अँड्रॉईडवर फोन तापला की फ्रेम पडतात, म्हणजे चित्र अडखळतं, आणि क्लोज फाईटला त्या अर्ध्या सेकंदात माणूस बाद. मी सेकंडहँड आयफोन ११ घेतला, निम्मे पैसे दिवाळीत कारखान्यावर कांड्या (आडव्या धाग्याच्या) भरून मिळवलेले आणि निम्मे मामाकडून उसने. पप्पांनी किंमत विचारली, मी सांगितली, ते काही बोलले नाहीत, बाहेर जाऊन मागाला तेल घालत बसले. ते बोलले असते तर परवडलं असतं.

२०२२ च्या सुरुवातीला एका ऑर्गचा मेसेज आला. नाव लिहीत नाही. जर्सी देणार, टी१ स्क्रिमचा स्लॉट देणार, पगार "परफॉर्मन्स बघून". कॉन्ट्रॅक्ट पीडीएफ आलं, चौघं एवढे खूश की न वाचताच सही करायला निघालेलो, पण चाकणवाल्याचा भाऊ वकिलाकडं कामाला, त्यानं थांबवलं. आत बघितलं तर तीन वर्षांचा लॉक, मध्ये सोडलं तर बायआऊट (सुटकेची रक्कम) आपण भरायचा, आणि आमच्या स्वतःच्या यूट्यूब चॅनलच्या कमाईतला हिस्सा पण त्यांना. चॅनल तेव्हा नव्हतंच, पण उद्या झालं तर ते पण अर्धं त्यांचं. आम्ही पगाराचा आकडा लिहून मागितला, ते दुसऱ्या टीमकडं गेले. तुम्हाला कधी असलं कॉन्ट्रॅक्ट आलं तर तीन गोष्टी बघा, मुदत, बायआऊट कोणी भरायचा, आणि चॅनल कोणाचं. बाकी जर्सीचा रंग वगैरे नंतर.

आणि मग २८ जुलै २०२२. संध्याकाळी स्क्रिमच्या आधी ग्रुपवर स्क्रीनशॉट यायला लागले की गेम प्ले स्टोअरवर दिसत नाही. आधी सगळे हसत होते, कोणीतरी म्हणालं अपडेट असेल. सरकारी आदेशानं दोन्ही स्टोअरवरून काढलं होतं. ज्यांच्या फोनमध्ये होतं त्यांना खेळता येत होतं, पण टूर्नामेंट थांबल्या, आणि टूर्नामेंट नाही म्हणजे प्रो प्लेयरला कामच नाही. क्रिकेटवाल्याला टीममधून काढू शकतात, पण क्रिकेटच कोणी दुकानातून उचलून नेत नाही. कबड्डीचा कोणी मालक नाही. इथं आम्ही जे शिकलो होतो, रिकॉइल (गोळी झाडताना उडणारी बंदूक सांभाळणं), रोटेशन (झोनकडं कसं सरकायचं), कुठल्या कंपाउंडला कुठून शिरायचं, ते सगळं एका कंपनीच्या सर्व्हरवर होतं आणि ती कंपनी कुठल्यातरी फाईलवर अवलंबून.

हे मी पप्पांना समजावून सांगत होतो, म्हणजे मला वाटत होतं त्यांना कळणार नाही. त्यांनी मागावरचा तुटलेला धागा जोडत ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "म्हणजे बीम दुसऱ्याचं, माग आपला. व्यापाऱ्यानं बीम दिलं नाही की माग उभा. ह्यात तुला नवीन काय दिसालंय?" मी म्हटलं, "पप्पा, मग तुम्ही का करताय?" तर म्हणाले, "मला एक व्यापारी सोडला तर दुसरा हाय. तुला दुसरा गेम येतोय काय?"

नव्हता येत. ऑर्गवाल्या पोरांनी दुसऱ्या गेमकडं उड्या मारल्या, आम्ही पण महिनाभर न्यू स्टेट नावाचा गेम खेळून बघितला, पण हात बसेना आणि बघायला माणूस नाही. टीम सुटली. नागपूरवाला पोलीस भरतीच्या मैदानावर पळायला लागला, चाकणवाला कंपनीत लागला. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं ईस्पोर्ट्सला (स्पर्धेच्या गेमिंगला) अधिकृत मान्यता दिली, क्रीडा खात्याच्या अखत्यारीत आणलं, तेव्हा मामानं पुण्याहून ती बातमी पाठवली, वर लिहिलेलं "अभिनंदन". गेम त्या दिवशी स्टोअरवर नव्हता. मामाला काय सांगणार, मी अंगठा पाठवला.

त्या रिकाम्या काळातच स्ट्रीमिंग चालू केलं. प्लेयर म्हणून गेम नाही तर नाही, चॅनलवर दुसरं काहीपण खेळता येतं असा विचार. आत्येभावाचा जुना पीसी, फोनचं चित्र पीसीत आणायला स्वस्तातलं कॅप्चर कार्ड, लाईव्ह करायचं सॉफ्टवेअर ओबीएस तर फुकटच आहे. मोबाईलवरून थेट लाईव्ह जायला यूट्यूबवर ५० सबस्क्रायबर लागतात, पीसीवरून एन्कोडरनं (ओबीएससारख्या सॉफ्टवेअरनं) जायला ती अट नाही, फक्त पहिल्यांदा लाईव्ह चालू करायला एखादा दिवस थांबावं लागतं. नेट घेताना सगळे डाऊनलोड स्पीड विचारतात, तुम्ही अपलोड विचारा. माझा अपलोड तेव्हा एवढा बारका की ७२० आणि ३० फ्रेमच्या वर गेलं की चित्राचे चौकोन व्हायचे.

पण खरा प्रॉब्लेम नेट नव्हताच, माग होते. लॉकडाऊन संपलेला, माग परत दोन्ही पाळ्यांत चालू, माईक लावला की खटखटखटखट. चॅटमध्ये पहिला प्रश्न हमखास, "भावा ट्रेनमध्ये आहेस काय?" ओबीएसमध्ये नॉईज सप्रेशनचा फिल्टर असतो, तो लावला की मागाचा आवाज जायचा पण त्याबरोबर माझ्या वाक्याचे शेवट पण जायचे. शेवटी उलटं केलं, फिल्टर काढला आणि पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकायचो की हा यंत्रमागाचा आवाज आहे, इचलकरंजी आहे, सवय करा. गंमत म्हणजे त्यानंच माणसं जमायला लागली. मालेगावचा एकजण यायचा, भिवंडीचे दोघं, त्यांच्याकडं पण तेच आवाज, ते विचारायचे तुमच्याकडं पिकाला मजुरी काय चाललीय. गेम बाजूला राहायचा आणि आम्ही मजुरीवर बोलत बसायचो.

भाषेचं पण सांगतो. सुरुवातीला हिंदीत करत होतो कारण सगळे तसंच करतात आणि आकडा मोठा. पण माझं हिंदी म्हणजे स्क्रिममधलं हिंदी, "लेफ्ट में एक नॉक है" एवढ्यापुरतं ठीक, तीन तास गप्पा मारायला अपुरं. मराठीत आलो तेव्हा बघणारे निम्मे झाले आणि जे राहिले ते रोज यायला लागले. नवीन माणसाला माझा सल्ला तोच आहे, ज्या भाषेत तुम्ही भांडता त्या भाषेत स्ट्रीम करा.

पैशाचं गणित. १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तास पब्लिक वॉचटाईम झाला की जाहिरातीची कमाई चालू होते, लाईव्हचं रेकॉर्डिंग पब्लिक ठेवलं तर ते तास पण धरतात. जाहिरातीतले ५५ टक्के आपले, सुपरचॅट (बघणारे चॅटमध्ये पाठवतात ते पैसे) आणि मेंबरशिपमधले ७० टक्के. १० डॉलर झाले की ॲडसेन्स पोस्टानं पिन पाठवतं, पत्ता खरा आहे का बघायला, ते पत्र आलं त्या दिवशी आईनं ते देवाजवळ ठेवलं, तिला वाटलं नोकरीचं आहे. आणि १०० डॉलर झाल्याशिवाय बँकेत काही येत नाही. माझे १०० व्हायला किती महिने गेले ते विचारू नका. मराठी, गेमिंग, भारतातले बघणारे, ह्या तिन्हीचा गुणाकार केला की व्ह्यूला मिळणारी रक्कम फार बारकी होते. सुपरचॅटवर जगता येईल असं वाटत असेल तर आपले बघणारे कोण आहेत बघा. माझे बहुतेक कॉलेजची पोरं, ती २० रुपये पाठवायची तेव्हा मलाच कसंतरी व्हायचं, एकाला मी म्हटलं, वडापाव खा जा.

मोठे स्ट्रीमर कशावर चालतात तर ब्रँड डीलवर. मुंबईचा मॉर्टल म्हणजे नमन माथुर, त्यानं आणि त्याच्या मित्रांनी मिळून एस८यूएल ही ऑर्ग उभी केली, द ईस्पोर्ट्स अवॉर्ड्समध्ये त्यांना जगातला सर्वोत्तम कंटेंट ग्रुप म्हणून २०२२ पासून लागोपाठ पुरस्कार मिळाले, म्हणजे इथून होऊ शकतं हे खोटं नाही. पण तिथं एडिटर आहेत, मॅनेजर आहेत, ब्रँडशी बोलणारी वेगळी माणसं आहेत, ती एक कंपनी आहे. पोरांना फक्त खुर्चीतला माणूस दिसतो.

आमच्यासारख्या छोट्या चॅनलला ब्रँड म्हणून कोण विचारायचं, तर टेलिग्रामवरून कलर ट्रेडिंगवाले. लाल की हिरवा, पैसे लावा. एकानं एका व्हिडिओला जे देऊ केलं ते माझ्या सहा-सात महिन्यांच्या जाहिरातीच्या कमाईपेक्षा जास्त होतं. बोलणं पण किती गोड, "सर फक्त लिंक पिन करायची". आमच्या शेजारच्या कारखान्यातला कांडीवाला ऑनलाईन रमीत पगाराच्या पगार घालवून बसलेला, त्याची बायको पप्पांकडं उचल मागायला यायची, आणि तो कांडीवाला माझा स्ट्रीम बघायचा. त्यामुळं ते माझ्याच्यानं झालं नाही. माझ्यासोबत चालू केलेल्या काहींनी केलं, त्यांची गाडी पण आली. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाईन गेमिंगचा कायदा झाला, पैसे लावून खेळायचे गेम बंद, ईस्पोर्ट्सला वेगळं काढून प्रोत्साहन असं त्यात आहे. चांगलं झालं असं मी म्हणतो, पण हे पण खरं की ह्या क्षेत्रातला बराच स्पॉन्सरचा पैसा त्याच फँटसी-रमीवाल्यांचा होता आणि तो एका आठवड्यात आटला.

मे २०२३ च्या शेवटी बीजीएमआय परत आलं, सरकारनं आधी तीन महिन्यांच्या ट्रायलवर सोडलं, १८ च्या खालच्यांना दिवसाला ३ तास, वरच्यांना ६. बीजीआयएसचा प्राईझ पूल ह्यावेळी दोन कोटी. नांदेडवाल्याचा त्याच दिवशी फोन, "टीम बनवायची, येतोस ना?" ह्याच्यावर घरात मीटिंग बसली, मामाला पण बोलावलेलं. मामा आयटीतला, त्याला वाटलं मी हट्टाला पेटेन, तो एक्सेल शीट घेऊन आलेला. मी स्वतःच म्हटलं की बी.कॉम.चं एक वर्ष राहिलंय, ते होईपर्यंत खेळतो पण रात्री दहानंतर नाही. मला तेव्हा आतून कळत होतं की मी गेम वाचतो चांगला, पण माझा हात टी१ चा नाही. समोर १७ वर्षांची पोरं येतात, चार बोटांचा क्लॉ (चारी बोटं स्क्रीनवर), जायरो (फोन हलवून नेम धरणं) एवढा सेट की समोरचा दिसला आणि पडला ह्यात अंतर नाही. मनगट तर माझं आधीच धरायला लागलेलं. हे दुसऱ्यानं सांगितलं असतं तर मी भांडलो असतो.

मग ते तिसरं काम. कोल्हापुरात एका कॉलेजच्या फेस्टला बीजीएमआयची स्पर्धा होती, लाईव्ह दाखवायची होती आणि त्यांचा ऑब्झर्व्हर आला नाही. ऑब्झर्व्हर म्हणजे गेमच्या आतला कॅमेरामन, तो खेळत नाही, स्पेक्टेटर म्हणून मॅपवर फिरतो आणि ६४ जणांतला कोणाला दाखवायचं हे ठरवतो. मी बसलो. बाकीचे फाईट चालू झाल्यावर तिकडं जायचे, मी आधीच तिथं असायचो, कारण झोन पोचिंकीच्या (मॅपवरचं एक गाव) वर ओढला की डोंगरावरची टीम कुठून उतरणार हे सपोर्ट खेळून खेळून पाठ झालेलं. कास्टर (कॉमेंट्रीवाला) बोलतोय "बघूया इकडं काही होतंय का" आणि तेवढ्यात होतंय. तिथं बसलेल्या एका प्रोडक्शनवाल्यानं नंबर घेतला.

आता पुण्यात असतो, टूर्नामेंट असली की रोजावर काम, नसली की स्ट्रीमर लोकांचे व्हिडिओ एडिट करतो. पगार म्हणावा असा पक्का नाही, सीझनला बरे पैसे, मधले महिने कोरडे. बीम इथं पण दुसऱ्याचंच आहे, फक्त आता व्यापारी दोन-तीन आहेत, आणि ऑब्झर्व्हिंग एका गेमचं आलं की दुसरा गेम शिकायला फार वेळ जात नाही, फ्री फायर मॅक्सचं पण करतो. ह्या क्षेत्रात खेळणारे सोडून कास्टर, ऑब्झर्व्हर, ग्राफिक्सवाले, एडिटर, टीम मॅनेजर, ॲनालिस्ट एवढी माणसं लागतात, आणि ह्यातल्या कशाबद्दलच कोणतं पोरगं मला विचारत नाही. सगळ्यांना सेन्सिटिव्हिटीचा (बोटाला गेम किती वेगानं फिरावा त्या सेटिंगचा) कोड पाहिजे.

चॅनल चालू आहे, रविवारी, गावी गेलो तरच. भिवंडीवाले अजून येतात.

नांदेडवाला अजून खेळतोय. एकदा ऑनलाईन क्वालिफायरला त्याची टीम लॉबीत आणि ऑब्झर्व्हरच्या खुर्चीत मी. शेवटच्या झोनमध्ये त्यानं एकट्यानं अख्खी टीम पाडली आणि मी त्यावेळी नदीपलीकडच्या फाईटवर होतो, कारण डायरेक्टर कानात तेच ओरडत होता. आता जिंकणाऱ्या टीमला १० पॉइंट आणि प्रत्येक फिनिशला १ असं असतं, त्यामुळं त्याला पॉइंट सगळे मिळाले, क्लिप मात्र मिळाली नाही. मॅच संपल्यावर लगेच व्हॉइस मेसेज, दीड मिनिटाचा, त्यातलं इथं लिहिण्यासारखं फक्त शेवटचं वाक्य आहे, "तू सपोर्ट असतानाच बरा होतास, निदान माझ्या मागं तरी असायचास."